खाऱ्या टँकमधले किडे: औषधाची बाटली सगळ्यात शेवटी

"अहो, टँकमध्ये किडे झालेत की हो, औषध कुठलं घालू?" फोन बेळगावच्या टिळकवाडीतून असो, निपाणीहून असो की खानापूरहून, खाऱ्या पाण्यातले मासे आणि कोरल (प्रवाळ) पाळणाऱ्याचं पहिलं वाक्य हेच. कुठले किडे, किती, दिवसा दिसतात की रात्री, असं विचारलं की पलीकडे गप्प. बरेचदा औषध आधीच घालून झालेलं असतं आणि मासे वर येऊन तोंड उघडायला लागल्यावर फोन केलेला असतो.

औषध वाईट नसतं, क्रम चुकलेला असतो. आधी ओळख, मग मोजणी, मग तयारी, मग टँकचं खाणं आवळायचं, मग हाताने काढायचे, आणि एवढं करूनही भागलं नाही तरच औषध. लोक शेवटच्या पायरीवरून सुरुवात करतात. लाईव्ह रॉकच्या, म्हणजे टँकमधल्या जिवंत समुद्री दगडांच्या, पोटात शेकडो किडे एकदम मरतात, तिथेच सडतात, अमोनिया चढतो आणि किड्यांच्या आधी मासे जातात.

खालचे आकडे ९० × ४५ × ४५ सेंटिमीटरच्या टँकचे आहेत: लाईव्ह रॉक, वाळू, चार-पाच मासे, थोडे सॉफ्ट कोरल (मऊ प्रवाळ), खाली सम्प, म्हणजे पाणी गाळणारी जोडटाकी. टँक लहान-मोठा असेल तर आकडे त्या प्रमाणात बदला, पायऱ्यांचा क्रम मात्र तसाच ठेवा.

१. रात्री बघा आणि नाव ठरवा

दिवे बंद झाल्यावर तासाभराने टँकसमोर बसा. टॉर्चच्या काचेवर लाल जिलेटीन कागद रबरबँडने बांधा. मखरातला उरलेला तुकडा चालतो. लाल उजेडाला बहुतेक किडे बुजत नाहीत. पांढरा झोत मारलात तर सेकंदात सगळे खडकात, आणि तुम्ही म्हणाल टँक साफ आहे.

सगळ्यात जास्त दिसतो तो ब्रिसल वर्म. गुलाबी किंवा तपकिरी अंग, दोन्ही कडांना करड्या-पांढऱ्या केसांची झालर, लांबी दोन बोटांपासून वीतभर. हा टँकचा झाडूवाला आहे. खडकाच्या फटीत अडकलेलं खाणं, माशांची विष्ठा, मेलेली गोगलगाय, सगळं तोच संपवतो. मेलेल्या गोगलगायीवर दहा ब्रिसल वर्म दिसले की लोक त्यांनाच खुनी ठरवतात. मेलेल्या म्हशीभोवती गिधाडं दिसली म्हणून ती गिधाडांनी मारली, असं आपण म्हणतो का? ब्रिसल वर्म असणं चांगलंच. अती झाले तर ते टँकमध्ये अती खाणं पडतंय याची खूण, एवढंच.

फायरवर्मचं नाव ऐकून लोक घाबरतात. कोरल खाणारा खरा दाढीवाला फायरवर्म जाडजूड असतो, केसांचे झुबके पांढरे आणि भरगच्च, त्यांच्या मुळाशी तांबूस-नारिंगी कल्ले आणि डोक्यावर सुरकुतलेला मांसल तुरा. तो अटलांटिक आणि भूमध्य समुद्राकडचा. हिंदी-प्रशांत महासागराकडच्या दगडावर वाढलेल्या टँकमध्ये तो निघण्याची शक्यता फार कमी.

युनिसिड जातीच्या किड्याला मात्र घाबरायला हरकत नाही. अंगावर कोळ्यांच्या जाळ्यावर ऊन पडावं तशी इंद्रधनुषी चमक, डोक्यावर पाच मिशा, आत मजबूत जबडा. बिळातून डोकं तेवढं बाहेर काढतो आणि झटक्यात मागे जातो. कोरलचे तुकडे तोडलेले दिसणं, रात्रीत लहान मासा नाहीसा होणं, यातलं काही घडलं तर याचा संशय घ्या. २००९ साली इंग्लंडमध्ये कॉर्नवॉलच्या एका सार्वजनिक मत्स्यालयात कोरल कोण तोडतंय हे शोधताना अख्खा देखावा सोडवावा लागला आणि आतून चार फुटांहून लांब किडा निघाला. तोही दगडातूनच आला असणार, लहान असताना.

फ्लॅटवर्म म्हणजे चपटे किडे. उपद्रवी असतो तो विटकरी-लाल, काही मिलिमीटरचा, शेपटीकडे तीन टोकं असलेला. याला लोक रेड प्लॅनेरिया म्हणतात. अंगात शेवाळाचे पेशी-सोबती असतात म्हणून तो उजेडात वर येतो आणि पाणी मंद असेल तिथे वाळूवर, काचेवर, मशरूम कोरलवर गंज चढल्यासारखा पसरतो. म्हणजे याला बघायचं भर दुपारी, दिवे चालू असताना. काचेवर सरकणारे पारदर्शक, टाचणीच्या डोक्याएवढे चपटे किडे वेगळे. ते बारीकसारीक जीव खातात, त्यांना सोडून द्या.

आणि ज्यांना उगाच मारलं जातं ते: काचेवर पांढऱ्या बारीक शंखासारखी गोल नळी करणारे स्पायरॉर्बिड, दोऱ्यासारखे हात पसरणारे स्पॅगेटी वर्म, पिसांचा पंखा उघडणारे फेदर डस्टर. तिन्ही निरुपद्रवी. खडकातून कडक नळी काढून कोळिष्टकासारखा चिकट धागा सोडणारा व्हर्मेटिड तर किडाच नव्हे, गोगलगाय आहे. त्याच्या नळीच्या तोंडावर सुपरग्लू जेलचा थेंब ठेवा, काम झालं.

तपासा: फोटो काढा, मोबाईलवर मोठा करून बघा. केस आहेत? चपटा आहे? चमकतो? या तीन प्रश्नांची उत्तरं लिहून होईपर्यंत पुढे जाऊ नका.

२. मोजा

"लई झालेत" हा आकडा नव्हे. ब्रिसल वर्मसाठी तीन रात्री, त्याच वेळी, दगडाच्या त्याच एका बाजूसमोर पाच मिनिटं बसून दिसतील तेवढे मोजा. फ्लॅटवर्मसाठी दुपारी काचेवर तळहाताएवढा चौकोन मार्करने आखा आणि त्यातले मोजा. कॅलेंडरवर तारखेखाली आकडा टाका. महिन्याभराने उपाय लागू पडला की नाही ते हाच आकडा सांगेल.

माझा अंदाज सांगतो: आपल्या मापाच्या टँकमध्ये पाच मिनिटांत दहा-बारा ब्रिसल वर्म दिसले तर काही करू नका. पन्नास दिसत असतील, दिवसाही बाहेर येत असतील, खाणं टाकल्या टाकल्या दगड वळवळत असेल, तर चौथ्या पायरीपासून नेटाने काम करा. लाल फ्लॅटवर्म मात्र पाच दिसले तरी कामाला लागा. ते अंगातूनच पिल्लं फोडतात, दोन आठवड्यांत पाचाचे किती होतील ते मोजायला बोटं पुरत नाहीत.

३. तयारी: इथे कंटाळा करणाराच फसतो

पाणी. काहीही करण्याआधी टँकच्या निम्म्याइतकं खारं पाणी तयार पाहिजे. आधी टँकमध्ये खरोखर पाणी किती ते काढा. पाण्याची उंची ४० सेंटिमीटर धरली तर ९० × ४५ × ४० म्हणजे १६२ लिटर. दगड-वाळूचे साधारण १५ टक्के वजा करा, राहिले १३८. सम्पमध्ये ३० लिटर, एकूण १६८. निम्मं म्हणजे ८४ लिटर. मीठ लिटरला ३५ ते ३८ ग्रॅम, म्हणजे तीन किलोच्या आसपास. मीठ रीफ टँकचंच, म्हणजे प्रवाळांच्या टँकसाठी मिळतं तेच. जेवणातलं आयोडीनवालं मीठ चालत नाही.

ज्या भागात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं तिथे हे एका दिवसात होत नाही. आरओमधून ८४ लिटर काढायचं म्हणजे टाकून द्यायचं पाणी त्याच्या दोन-तीन पट. पाणी येतं त्या दिवशीच निळे ड्रम भरायला लावा. आणि स्वयंपाकघरातला फिल्टर वापरणार असाल तर त्याचा मिनरलचा भाग आणि टीडीएस वाढवणारा नळ बंद केलेला असू दे. टीडीएस मीटरवर शून्याच्या जवळ आलं पाहिजे. बोअरच्या पाण्याला थेट मीठ घालणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, त्यांच्या टँकमधलं शेवाळ घालतं.

सावधान: डिसेंबर-जानेवारीत पाणी गार असतं म्हणून तांब्याच्या बंबातलं ऊन पाणी मिसळू नका, तांब्याच्या घागरीत साठवूही नका. तांबं पाण्यात उतरतं. कोळंबी, गोगलगाय, कोरल यांना ते विष आहे. ड्रममध्ये हीटर टाका. त्याच कारणाने माशांच्या आजारावरचं कॉपरवालं औषध रीफ टँकमध्ये कधीही नाही. ते दगडात मुरतं आणि नंतरही त्रास देतं.

ड्रममध्ये पंप सोडून पाणी रात्रभर फिरू द्या. दुसऱ्या दिवशी रिफ्रॅक्टोमीटरवर (खारेपणा मोजायचं साधन) १.०२५ ते १.०२६, तापमान २५-२६ अंश. टँकचा खारेपणाही त्याच वेळी बघा. एप्रिल-मेमध्ये पाणी उडून टँक जास्त खारा झालेला असतो, जुलैत दमट हवेमुळे पाणी उडत नाही आणि सवयीने गोडं पाणी ओतणाऱ्यांचा टँक अळणी होतो. दोन पाण्यांत फरक असताना मोठा बदल केलात तर मासे किड्यांमुळे नव्हे, तुमच्यामुळे आजारी पडतील.

सामान. लांब चिमटा, बोटाएवढी आणि पेन्सिलएवढी अशा दोन जाडीच्या नळ्या, फिल्टर सॉक (गाळ अडवणाऱ्या कापडी पिशव्या) चार, जाड रबरी हातमोजे, चष्मा, मोठी पिचकारी, न वापरलेला अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन (पाण्यातलं औषध-विष शोषणारा) नेहमीच्या दुप्पट, अमोनिया, नायट्रेट आणि फॉस्फेटचे टेस्ट किट. पुण्याहून किंवा बंगळूरहून मागवत असाल तर सगळं एकाच पार्सलमध्ये मागवा. औषध आधी पोचलं आणि कार्बन मागे राहिला, की माणसाला धीर निघत नाही.

करंट. इन्व्हर्टरवर वेव्हमेकर (पाणी फिरवणारा पंप) चालतो का ते बटण बंद करून प्रत्यक्ष बघा. नसेल तर बॅटरीचा एअर पंप घेऊन ठेवा.

४. टँकचा उपास

किडे खाण्यावर वाढतात. खाणं बंद पाडल्याशिवाय काढत बसलात तर एकीकडून उपसायचं आणि दुसरीकडून भरायचं.

घरात खाणं कोण टाकतं ते आधी शोधा. आमच्याकडे मी सकाळी टाकायचो, वडील दुपारी "बिचारे बघतायत" म्हणून टाकायचे आणि पोरगी शाळेतून आली की चिमूटभर. तिघांनाही वाटायचं आपण एकटेच टाकतोय. आता गोळ्यांच्या डबीत सात वारांच्या सात कप्प्यांत आठवड्याचं खाणं भरून ठेवतो. कप्पा रिकामा म्हणजे आज झालं.

दिवसातून एकदा, दोन-तीन मिनिटांत संपेल एवढंच. फ्रोझन खाणं वाटीत विरघळवून गाळणीतून गाळा, ते पाणी टँकमध्ये नको. गाळणी वेगळी ठेवा, चहाची उचललीत तर घरात वेगळाच प्रश्न उभा राहील. कोरलसाठीची पावडर चार आठवडे बंद.

मग साफसफाई. पंप चालू ठेवून पिचकारीने दगडाच्या फटींत पाणी मारा, उडालेला गाळ सॉकमध्ये अडकेल. सॉक तीन दिवसांनी बदला. वाळू दर आठवड्याला फक्त एक तृतीयांश उपसा. एकदम सगळी ढवळलीत तर तळातली घाण पाण्यात येईल. दगडामागे गाळ साचलेला दिसला तर वेव्हमेकरचं तोंड तिकडे फिरवा. फ्लॅटवर्मलाही वाहतं पाणी आवडत नाही.

तपासा: दोन आठवड्यांनी नायट्रेट २ ते १० पीपीएम, फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम. त्याखाली नेऊ नका, शून्यावर सॉफ्ट कोरल आक्रसतात. आकडे उतरले नसतील तर खाणं अजूनही कुठूनतरी जातंय. सम्पमध्ये डोकवा, एखादा मासा मरून पडलेला असतो.

ब्रिसल वर्मच्या दहापैकी सात-आठ तक्रारी या पायरीवर मिटतात. चार आठवडे लागतात, आणि तेवढा धीर धरणारे थोडे.

५. हाताने काढणं

ब्रिसल वर्मसाठी सापळा. मासळी बाजारातली कच्ची कोळंबी, अर्धी पुरे. तिखट-मीठ लावलेली नको, हे सांगावं लागतंय कारण एकाने लावलेली टाकली होती. कोळंबी स्त्रियांच्या पातळ नायलॉनच्या मोज्यात बांधा आणि दिवे जायच्या वेळी दगडाच्या पायथ्याशी ठेवा. किडे खायला येतात, त्यांचे केस जाळीत अडकतात. तास-दीड तासाने तो मोजा अलगद उचलून थेट बादलीत. रात्रभर ठेवू नका; किडे जेवून घरी जातात आणि उरलेली कोळंबी टँकमध्येच सडते. आठवड्यातून दोन रात्री, तीन आठवडे.

चिमट्याने पकडायचा तर पूर्ण बाहेर आलेला पकडा. अर्धा बिळात असताना ओढलात तर तुटतो, आणि या किड्यांच्या तुकड्यातून नवा किडा वाढू शकतो. कापून टाकला म्हणून खूश होऊ नका, तुम्ही एकाचे दोन केलेत.

सावधान: उघडा हात घालू नका. केस निवडुंगाच्या बारीक काट्यांसारखे कातडीत मोडतात. टोचलेच तर चोळू नका. चिकटपट्टी लावून उपटा, मग व्हिनेगर लावा. सूज वाढली किंवा डोळ्याला लागलं तर डॉक्टर गाठा.

युनिसिडसाठी सापळ्यात वेळ घालवू नका. ज्या दगडात बीळ आहे तो दगड उचलून टँकच्याच पाण्याच्या बादलीत ठेवा, हीटर आणि पंप सोडा. रात्री कोळंबी दाखवून तो पूर्ण बाहेर येईपर्यंत वाट बघा. आठवडा लागू शकतो. दगड लहान असेल तर तो टँकमध्ये परत न नेणं हाच स्वस्त उपाय.

सावधान: "दगड उकळून घेतो" असं म्हणणारे भेटतात. कधीही नाही. दगडावर झोअँथिड कोरल असतील तर त्यांतलं पॅलिटॉक्सिन नावाचं विष वाफेबरोबर नाकात जातं आणि अख्खं घर दवाखान्यात जाऊ शकतं. हेच विष लक्षात ठेवून तोंडाने ओढून सायफन सुरू करण्याची सवयही सोडा. नळी पाण्यात बुडवून भरून घ्या, टोक अंगठ्याने दाबून बाहेर काढा.

फ्लॅटवर्मसाठी सायफन. दुपारी दिवे लागून दोन-तीन तास झाले की ते वर आलेले असतात. वेव्हमेकर बंद करा. पेन्सिलएवढी नळी, तिचं दुसरं टोक सम्पमधल्या बारीक सॉकमध्ये. म्हणजे किडे सॉकमध्ये राहतात आणि पाणी टँकमध्येच. जाड नळी घेतलीत तर पाच मिनिटांत बादली भरते आणि किडे निम्मेही निघत नाहीत. हलक्या हाताने, गालिच्यावरून व्हॅक्यूम फिरवल्यासारखं. एक दिवसाआड, दोन आठवडे. सॉक धुताना मोरीत झटकू नका.

काढलेले किडे आणि पाणी यांचं काय? बादलीत ब्लीच ओतून रात्रभर ठेवा, मग गटारात. विहिरीत, तळ्यात, ओढ्यात नाही. झाडांनाही नाही. मी एकदा आईच्या जास्वंदीला खारं पाणी घातलं होतं, तो विषय घरात अजून निघतो.

६. किडे खाणारा पाहुणा

दुकानदार सिक्सलाईन रॅस सुचवेल. मासा देखणा आहे, बारीक किडे आणि काही वेळा फ्लॅटवर्म खातो. पण "काही वेळा" हे शब्द लक्षात ठेवा. खाईलच याची हमी कुणी देऊ शकत नाही. मोठा झाला की नव्या माशांना टँकमध्ये टिकू देत नाही. मेलानुरस रॅस किडे खाण्यात बरा, त्याला झोपायला दोन इंच वाळू आणि जास्त जागा लागते. दोघेही उडी मारतात, वर जाळी हवीच. अ‍ॅरो क्रॅब हा खेकडा ब्रिसल वर्म ओढून खातो, आणि फेदर डस्टर, लहान गोबी मासेही. निळ्या मखमली रंगाची एक समुद्री गोगलगाय फक्त फ्लॅटवर्म खाते. किडे संपले की उपाशी मरते, त्याआधी बहुधा पंपात जाते.

माझं मत विचाराल तर पाहुणा आणायचा तो तुम्हाला तो मासा एरवीही हवा असेल तरच. चौथी पायरी टाळण्यासाठी आणलेला रॅस फ्रोझन खाण्याची चटक लागली की किड्यांकडे बघतही नाही.

७. औषध: फक्त लाल फ्लॅटवर्मसाठी, आणि सकाळी

ब्रिसल वर्म मारायला टँकमध्ये औषध घालू नका. मारून झाल्यावर ते दगडातून बाहेर काढणार कोण?

आमच्याकडे गुरांच्या औषधांचं दुकान कोपऱ्यावर असतं, आणि "शेळीच्या पोटातले जंत जातात तर टँकमधले का नाही" हा विचार मी स्वतःही करून बघितलाय. जंताच्या त्या पातळ औषधात बरेचदा दोन औषधं मिसळलेली असतात आणि टँकचा डोस त्यावर लिहिलेला नसतो. त्यांतलं फेनबेंडाझोल तर झेनिया, ग्रीन स्टार पॉलिप यांच्यासारखे सॉफ्ट कोरल आणि फेदर डस्टर घेऊन जातं. रीफ टँकसाठीच बनवलेलं फ्लॅटवर्मचं औषध घ्या, फ्लॅटवर्म एक्झिटसारखं, आणि डोस लेबलवरचाच.

लाल फ्लॅटवर्म मरताना अंगातलं विष पाण्यात सोडतात. तेव्हा औषधाचा डोस बरोबर असला तरी मेलेल्यांची संख्या जास्त असेल तर मासे जातात. म्हणून पाचवी पायरी दोन आठवडे केल्याशिवाय बाटली उघडायची नाही.

मी उघडली होती. पावसाळ्यातला शनिवार, संध्याकाळी सात. सायफन केला नव्हता, कारण औषध आहे ना. कार्बनची एक जुनी पिशवी होती, खारं पाणी मुळीच नव्हतं. तासाभरात लाल गालिचा सुटून पाण्यात भोवंडायला लागला, मला फार आनंद झाला. नऊला करंट गेला. सकाळी दोन क्लाऊनफिश आणि एक गोबी वाळूवर पडलेले होते.

आदल्या दिवशी परीक्षा घ्या. दहा लिटरच्या बादलीत टँकचं पाणी, वीस-तीस फ्लॅटवर्म आणि एक गोगलगाय. त्याच प्रमाणात औषध. तासाभरात किडे सुटून मरत असतील आणि गोगलगाय ठीक असेल तर उद्याचा दिवस पक्का.

दिवस निवडताना दुरुस्तीसाठी करंट जाणार असल्याची सूचना पेपरात आलीय का ते बघा. सुट्टी असावी आणि तुम्ही दिवसभर घरात असावं.

सकाळी ८: शेवटचा सायफन. कार्बन बाहेर, यूव्ही दिवा बंद. वेव्हमेकर पाण्याचा पृष्ठभाग हलेल असा वर वळवा, एअर पंप सुरू. स्किमरचं (फेसाबरोबर घाण काढणारं यंत्र) काय करायचं ते लेबलवर बघा.

सकाळी ९: १६८ लिटरचा डोस. बाहेरच्या मापाने टँक १८२ लिटर भरतो. त्यात सम्प मिळवून हिशेब केलात तर डोस सव्वापट होतो. जास्त वाहत्या पाण्यात हळूहळू सोडा.

सकाळी ९:३० पासून: सुटलेले किडे तरंगायला लागतात. नळी हातातच ठेवा आणि दिसेल तो ओढत राहा. इथे लोक व्हिडिओ काढत बसतात.

लेबलवरची वेळ संपली की ४२ लिटर, म्हणजे पाव टँक पाणी बदला आणि कार्बनची पहिली पिशवी धुऊन सम्पमध्ये वाहत्या पाण्यात ठेवा.

सावधान: मासे जोरात धापा टाकायला लागले, पृष्ठभागाशी गोळा झाले किंवा आडवे झाले तर लेबलवरच्या वेळेची वाट बघू नका. कार्बन त्याच क्षणी आत, पाणी लगेच बदलायला घ्या. दुसरे ४२ लिटर याच घटकेसाठी ठेवलेत.

८. पुढचे चौदा दिवस

त्या रात्री आणि दुसऱ्या सकाळी अमोनिया तपासा. शून्य हवा. चढलेला दिसला तर उरलेलं पाणी वापरा आणि माशांना एक दिवस उपाशी ठेवा. चोवीस तासांनी कार्बन बदला, सॉक बदला, दगडांत पिचकारी मारून मेलेले किडे बाहेर काढा. सॉफ्ट कोरल दोन-तीन दिवस मिटून बसतात, त्यांना हलवू नका.

सातव्या दिवशी दुपारी आखलेल्या चौकोनात पुन्हा मोजा. एक-दोन जरी दिसले तरी दुसरा डोस लागेल, पण अमोनिया शून्य असेल आणि ८४ लिटर पुन्हा तयार असेल तरच. दुसऱ्या वेळी अर्धाच डोस घालून "काम भागवणं" ही नेहमीची चूक. वाचलेले चार किडे महिन्यात सगळं पूर्ववत करतात. चौदाव्या दिवशी पुन्हा मोजून तारखेखाली आकडा लिहा.

९. दारातच अडवा

किडे हवेतून येत नाहीत. दगडातून, कोरलच्या बुडातून, दुकानातल्या पाण्यातून येतात.

गोवा, कारवार, मालवणला गेल्यावर किनाऱ्यावरून प्रवाळ किंवा प्रवाळ चिकटलेला दगड उचलून आणू नका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली दगडी प्रवाळ पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंक्तीत. दुकानातून घेतानाही आयातीचे कागद मागा.

नवा कोरल घरी आला की पिशवीचं पाणी टँकमध्ये ओतायचं नाही. तीन डबे मांडा, तिन्हींत टँकचंच पाणी. पहिल्यात तापमान जुळवा. दुसऱ्यात कोरल डिप (कोरल बुडवायचं किडे मारणारं औषध) लेबलच्या प्रमाणात, ५ ते १० मिनिटं, मधूनमधून पिचकारीने कोरलवर पाणी मारत राहा. खाली काय पडतं ते पांढऱ्या डब्यात चटकन दिसतं. तिसऱ्यात धुवा. तिन्ही डब्यांतलं पाणी ब्लीचच्या बादलीत. डिपने किडे मरतात, अंडी मरत नाहीत. म्हणून ज्या बुडावर कोरल चिकटवलेला असतो ते तोडून टाका आणि कोरल नव्या बुडावर लावा. अंडी बहुधा त्याच खाचेत असतात. अ‍ॅक्रोपोरा हा दगडी प्रवाळ खाणाऱ्या फ्लॅटवर्मची अंडी तर आठवड्यांनी फुटतात, तेव्हा तो कोरल सहा आठवडे वेगळा ठेवून दर आठवड्याला डिप द्यावा लागतो.

सहा आठवड्यांसाठी वीस लिटरची काचपेटी, हीटर, लहान पंप आणि साधा एलईडी पुरतो. तिचा चिमटा, पिचकारी, नळी वेगळी ठेवा आणि त्यांना लाल टेप गुंडाळा. मुदत संपली की शेवटच्या रात्री लाल टॉर्च घेऊन पेटीसमोर बसा, दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा बघा. मग कोरल चिमट्याने उचलून टँकमध्ये; पेटीतलं पाणी मात्र ब्लीचच्या बादलीत.